हाक आणि घंटा : एकट्या ज्येष्ठांच्या आपत्कालीन सूचनेचा इतिहास (विशेष संदर्भ : पनवेल)

प्रस्तावना :

इतिहासलेखनाच्या प्रांतात राजसत्ता, अर्थव्यवस्था, जात, स्त्री आणि कामगार हे विषय क्रमाक्रमाने आले; वार्धक्याला मात्र त्यात अद्याप पुरेशी जागा मिळालेली नाही. त्यातही म्हातारे माणूस घरात पडले तर ते कोणाला आणि कशी हाक मारते, हा प्रश्न इतिहासाचा मानलाच गेला नाही. याचे एक कारण साधनांच्या स्वरूपात आहे. हाक मागे कागद ठेवीत नाही. नगरपालिकेच्या दप्तरात घरपट्टी सापडते, जन्म-मृत्यूची नोंद सापडते. परंतु न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या वृद्धेला किती वेळाने आणि कोणी उचलले, याची नोंद कोठल्याही दप्तरात नसते.

गेल्या काही वर्षांत हा प्रश्न बाजारपेठेच्या वाटेने मध्यमवर्गीय घरांत शिरला आहे. गळ्यात अडकवावयाचे बटण, मनगटावरचे घड्याळ, सिमकार्डावर चालणारे छोटे यंत्र, मोठ्या अंकांचा व मागील बाजूस लाल कळ असलेला मोबाइल असे अनेक पर्याय उपलब्ध आहेत आणि 'आईसाठी यांपैकी कोणते घ्यावे?' अशी विचारणा स्टाफरूममध्येही ऐकू येते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, हा प्रश्न उलट्या टोकाकडून विचारला जात आहे. ज्या ज्या समाजांत ही साधने उपयोगी ठरली, तेथे घंटा ऐकणाऱ्याची व्यवस्था एकतर आधीपासून होती किंवा घंटेबरोबरच उभी केली गेली. आपल्याकडे यंत्र दुकानातून येते. उत्तर देणारा मात्र गृहीत धरलेला असतो. हा गृहीत धरलेला माणूस कोण होता आणि तो केव्हा नाहीसा झाला, हे पनवेलच्या संदर्भात पाहावयाचे आहे.

वाड्यातील हाक :

पनवेल हे खाडीकाठचे जुने व्यापारी गाव. येथील नगरपालिका १८५२ मध्ये स्थापन झाली. म्हणजे महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी ती एक होय. गावाची वस्ती दाट, घरे एकमेकांना लागून, वाड्यांना पडवी, ओटी, माजघर, मागे परसू आणि विहीर अशी रचना. या रचनेत खासगीपणा फार नव्हता, ही तक्रार सुनांनी पिढ्यान्‌पिढ्या केली आणि ती रास्तही होती. परंतु त्याच रचनेमुळे माजघरातील कण्हणे ओटीवर ऐकू जात असे. आजारी माणसाच्या उशाशी पितळी तांब्या आणि त्यावर आपटावयाला पळी ठेवण्याची रीत अनेक घरांत होती. हीच त्या काळातील घंटा. तिला तार नव्हती, वीज नव्हती, आणि ती वाजली की कोण धावणार हे वाजविणाऱ्याला ठाऊक असे.

हाकेला उत्तर देणाऱ्यांत वैद्याचाही समावेश होता. पनवेलमध्ये कृष्णशास्त्री पुराणिक यांनी १८७२ मध्ये 'श्री धूतपापेश्वर' या आयुर्वेदीय औषधनिर्मितीची मुहूर्तमेढ रोवली. हा कारखाना पुढे देशभर नावारूपाला आला, हा औद्योगिक इतिहासाचा भाग झाला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, ज्या लहान गावात वैद्य हा शेजारधर्माचा घटक असतो, तेथे निरोप नेणारा एक मुलगा पुरेसा असतो.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. ती एकत्र कुटुंबावर, त्यातही घरातील स्त्रियांच्या बिनमोल श्रमावर आणि जातवार आळ्यांच्या चौकटीवर उभी होती. ज्याला घर नव्हते, मूल नव्हते किंवा ज्याला समाजाने बाहेर ठेवले होते, त्याच्या हाकेला वाड्यात उत्तर नव्हते. निराधार वृद्ध व अपंगांसाठी पुण्यात डेव्हिड ससून यांच्या देणगीतून १८६३ मध्ये जे आश्रयस्थान उभे राहिले, आणि जे आज 'निवारा' या नावाने ओळखले जाते, ते या उणिवेचेच प्रमाण होय. पनवेल तालुक्यात नेरे येथे कुष्ठरोग निवारण समितीच्या शांतिवनात कुष्ठरुग्णांबरोबरच वृद्धांनाही जागा मिळाली, त्यामागेही हेच कारण दिसते. गावाची हाक सर्वांसाठी नव्हती.

तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. दिवसा त्या घराचा दरवाजा उघडा असे. पुढील सर्व विवेचनात हा उघडा दरवाजा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

घंटेचे विदेशातील मूळ :

रुग्णाने बोलवावे आणि परिचारिकेला कोणी बोलावले हे कळावे, ही कल्पना फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५३ मध्येच मांडली होती. लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील रुग्णालयाची जबाबदारी घेताना त्यांनी प्रत्येक रुग्णासाठी घंटा आणि परिचारिकेच्या दाराबाहेरील वाटेत अशी व्यवस्था मागितली की, घंटा वाजताच त्या रुग्णाची झडप उघडेल आणि उघडीच राहील. वाजविणारी आणि ऐकणारी या दोघींचा विचार त्यांनी एकाच वेळी केला, हे येथे महत्त्वाचे.

दुसरा टप्पा दूरध्वनीचा. नोव्हेंबर १९३५ मध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. समोरच्या शेजाऱ्याने अग्निशमन दलासाठी दूरध्वनी लावला; पण त्याचा पुकारा दूरध्वनी केंद्रात इतर पुकाऱ्यांच्या रांगेत अडकून राहिला. त्याने वृत्तपत्राला पत्र लिहिले, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ हा क्रमांक सुरू झाला. केंद्रात त्या पुकाऱ्यासाठी वेगळा लाल दिवा आणि कर्कश भोंगा होता. म्हणजे सुधारणा झाली ती बोलावण्याच्या नव्हे, ऐकण्याच्या बाजूला.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये वृद्धांसाठी स्वतंत्र सदनिकांचे समूह बांधले गेले. तेथे एक देखरेख करणारी व्यक्ती राहत असे व प्रत्येक घरात छतापासून लोंबणारी दोरी असे. ती ओढली की देखरेख करणाराकडे सूचना जाई. दोरी साफसफाईच्या आड येते म्हणून ती वर गुंडाळून बांधून ठेवण्याचा प्रघात तेथे पडला आणि जमिनीवर पडलेल्या माणसाच्या हाताला ती येईनाशी झाली. हा तपशील हास्यास्पद वाटेल, परंतु आपल्या घरात खुंटीला टांगून ठेवलेले गळ्यातले बटण पाहिल्यावर तसे वाटत नाही.

आज ज्याला वैयक्तिक आपत्कालीन घंटा म्हणतात, ती १९७० च्या दशकातील. जर्मनीत विल्हेल्म होरमान यांनी घरातून मदत मागण्याची यंत्रणा कल्पिली. अमेरिकेत मानसशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू डिब्नर यांनी १९७४ मध्ये 'लाइफलाइन सिस्टिम्स' स्थापन केली. रचना साधी होती. गळ्यातील बटणात रेडिओ लहरी पाठविणारा छोटा घटक. दूरध्वनीला जोडलेली पेटी. बटण दाबले की पेटी आपोआप ठरलेल्या केंद्राला दूरध्वनी लावते. केंद्रातील व्यक्ती पेटीतून बोलते. उत्तर आले नाही तर ती यादीतील शेजाऱ्याला वा नातेवाइकाला कळविते. ही यंत्रणा सुरुवातीला रुग्णालयांमार्फत दिली गेली, म्हणून ऐकणारे केंद्रही रुग्णालयातच असे. जर्मनीत रेड क्रॉससारख्या सेवाभावी संस्थांनी आणि ब्रिटनमध्ये स्थानिक नगर परिषदांनी ही भूमिका उचलली. १९८९ च्या सुमारास एका अमेरिकी कंपनीच्या दूरदर्शन जाहिरातीतील पडलेल्या वृद्धेचा उद्गार घराघरांत विनोदाचा विषय झाला, तेव्हा त्या विनोदामागे दीड दशकाची संस्थात्मक उभारणी होती.

पनवेलचे बदललेले घर :

भारतात या यंत्रणेला आवश्यक असा घरगुती दूरध्वनीच दीर्घकाळ दुर्मीळ होता. तो मिळावा म्हणून वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत राहावे लागे. तो घरोघर पोहोचू लागला न लागला तोच मोबाइल आला आणि तारेचा दूरध्वनी मागे पडला. परिणामी पाश्चात्त्य देशांतील पेटी आणि केंद्र हा मधला टप्पा आपण अनुभवलाच नाही. शेजाऱ्याच्या हाकेवरून आपण थेट मोबाइलच्या बटणावर आलो.

मधल्या काळात पनवेलचे घर बदलले. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर या वसाहती उभ्या राहिल्या. १९९८ मध्ये हार्बर मार्गाची उपनगरी गाडी पनवेलला पोहोचली. मुंबईतील चाळीची खोली विकून येथे सदनिका घेणाऱ्या कुटुंबांची एक पिढी आता सत्तरी-पंचाहत्तरीला आली आहे. तिची मुले पुणे, बंगळूर किंवा परदेशात आहेत. जुन्या गावातही वाडे पाडून इमारती झाल्या. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. १ ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रसंघाने ठरविलेला आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिनही आहे. हा निव्वळ योगायोग असला, तरी महानगरपालिकेच्या वर्धापनदिनी त्याचे स्मरण व्हावयास हरकत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. आकडा मोठा आहे. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने आकड्यापेक्षा दाराची बदललेली रचना अधिक बोलकी आहे. सदनिकेला आत लाकडी दार, त्याला लॅच आणि वर-खाली कड्या. बाहेर जाळीचा सेफ्टी डोअर. एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती चोरीच्या भीतीने हे सर्व आतून लावून घेते. घंटा वाजली, शेजारी धावला, तरी तो दाराबाहेर उभा राहतो. सुतार बोलावून दार फोडण्यात जो वेळ जातो, तो कोणत्याही यंत्राच्या माहितीपत्रकात दिलेला नसतो.

क्रमांकांची गर्दी :

शासनाने या काळात काहीच केले नाही, असे म्हणता येणार नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ मध्ये संमत झाला. त्याखालील केंद्राच्या आदर्श नियमांत प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतील ज्येष्ठांची, विशेषतः एकट्या राहणाऱ्यांची, अद्ययावत यादी ठेवावी आणि पोलीस प्रतिनिधीने समाजसेवकासह महिन्यातून किमान एकदा त्यांची भेट घ्यावी, अशी तरतूद आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात जुन्या गावातील चौकशीचीच शासकीय आवृत्ती दिसेल. ही तरतूद अनेक ज्येष्ठांना ठाऊक नसते आणि ठाऊक असलेलेही ठाण्यात नाव नोंदविण्यास कचरतात.

२०१४ पासून महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आहे. एप्रिल २०१६ च्या केंद्रीय नियमांनी १ जानेवारी २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइलमध्ये आपत्कालीन कळ बंधनकारक केली. साध्या मोबाइलवर ५ किंवा ९ हा आकडा दाबून धरावयाचा, स्मार्टफोनवर चालू-बंद करण्याची कळ लागोपाठ तीनदा दाबावयाची. ११२ हा एकत्रित क्रमांक महाराष्ट्रात २०२१ मध्ये कार्यान्वित झाला व त्याचे मुख्य प्रतिसाद केंद्र नवी मुंबईत महापे येथे, म्हणजे पनवेलच्या जवळच आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी सुरू झाली. परंतु ती माहिती, सल्ला, आधार आणि छळ वा निराधारतेच्या प्रसंगी हस्तक्षेप यांसाठी आहे, रुग्णवाहिकेसाठी नव्हे. हा भेद अनेक सुशिक्षित कुटुंबांनाही स्पष्ट नसतो.

म्हणजे ज्याच्या हाती मोबाइल आहे, त्याच्याजवळ आपत्कालीन घंटा एका अर्थी आहेच. मग वेगळे साधन कशाला? उत्तर साधे आहे. माणूस पडते तेव्हा मोबाइल बहुधा दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावलेला असतो.

संकोचाचा इतिहास :

आतापर्यंतचे विवेचन साधनांचे झाले. परंतु साधन जवळ असूनही ते वापरले जात नाही, हा या विषयाचा खरा गाभा आहे. केंब्रिज परिसरातील नव्वदीपुढील व्यक्तींच्या पडण्याविषयी जेन फ्लेमिंग आणि कॅरल ब्रेन यांचा अभ्यास २००८ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झाला. पडल्यावर स्वतःहून उठता न आलेल्या आणि दीर्घकाळ जमिनीवर पडून राहिलेल्या वृद्धांपैकी बहुतेकांनी, घंटा उपलब्ध असूनही, ती वाजविली नव्हती. असे तासाहून अधिक काळ पडून राहणे हे गंभीर दुखापतींशी आणि घर सोडून संस्थेत जावे लागण्याशी निगडित असल्याचेही त्यांना आढळले.

ब्रिटनमध्ये ही स्थिती, तर आपल्याकडे काय असेल? येथे संकोचाला सामाजिक शिकवणीचे बळ आहे. रेल्वेच्या डब्यातील साखळीकडे पाहा. विनाकारण ओढल्यास दंड किंवा कैद, ही सूचना तीन-चार पिढ्यांनी वाचली. आज ज्या वयाच्या व्यक्तींसाठी आपण बटण विकत घेतो, त्यांच्या मनावर आपत्कालीन साधनाचा पहिला संस्कार असा शिक्षेच्या भाषेतला आहे. त्यात 'कोणाला त्रास नको' हे मराठी मध्यमवर्गीय वार्धक्याचे ब्रीद. रात्री छातीत कळ आली तरी सकाळ होण्याची वाट पाहिली जाते. पळी तांब्यावर आपटणाऱ्या आजीला हा संकोच तुलनेने कमी होता, कारण तिची हाक घरातल्या घरात राहत असे. आजच्या बटणाची हाक अनोळखी केंद्राकडे, परदेशातल्या मुलाकडे, सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर जाते. ती सार्वजनिक होते. पडण्याचीही लाज वाटू लागते.

या पार्श्वभूमीवर पडणे आपोआप ओळखणारी साधने आली. शरीराच्या वेगातील अचानक बदल टिपून ती स्वतः सूचना पाठवितात. २०१८ मध्ये ॲपलच्या घड्याळात ही सोय आल्यापासून तिचा बोलबाला झाला. संकोचावर हा एक उपाय खराच. परंतु भिंतीला टेकत सावकाश खाली घसरणारे माणूस त्यांना नेहमीच ओळखता येत नाही, आणि पाटावर धपकन बसणे कधी कधी पडणे ठरते. दोन-तीन खोट्या सूचनांनंतर घड्याळ कपाटात जाते.

निवडीचा एक प्रसंग :

प्रस्तुत लेखिकेच्या कुटुंबात ८१ वर्षांच्या आत्यासाठी असे साधन निवडण्याचा प्रसंग आला, त्याचा उल्लेख येथे उदाहरणादाखल करते. आत्या निवृत्त शिक्षिका. जुन्या पनवेलमध्ये, वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर एकट्या राहतात. भावंडांनी तीन यंत्रांची तुलना करून तक्ता केला होता. आत्यांनी तो शिक्षिकेच्या नजरेने तपासला आणि विचारले, "अगं, रात्री दोन वाजता हे वाजलं की कोण येणार, ते यात कुठं लिहिलंय?" तक्त्यात तो रकाना नव्हता.

त्यानंतर क्रम बदलला. प्रथम माणसे ठरली. समोरच्या घरातील वहिनी, खालच्या मजल्यावरील औषध दुकानदार आणि पंधरा मिनिटांच्या अंतरावर राहणारा भाचा, अशी तिघांची यादी झाली. तिघांनाही प्रत्यक्ष भेटून विचारले. दूरध्वनीवर 'हो' म्हणणे सोपे असते. दुसरी गोष्ट दाराची. रात्री आतली कडी लावावयाची नाही, केवळ लॅच लावावयाचे आणि त्याची एक किल्ली वहिनींकडे ठेवावयाची, यावर बरीच चर्चा झाली. आत्यांना चोरीपेक्षा 'किल्ली दुसऱ्याच्या घरी' या कल्पनेचे दडपण अधिक होते. शेवटी वहिनींनीही आपली किल्ली आत्यांकडे ठेवली, तेव्हा तो प्रश्न सुटला.

यंत्राचा विचार त्यानंतर झाला आणि तो थोडक्यात आटोपला. बटण पाण्याने बिघडू नये, कारण पडण्याची मोठी जागा न्हाणीघर. ते रात्रीही अंगावर राहावे. सिमकार्डावर चालणारे असल्यास ते यंत्र घरातील प्रत्येक खोलीत, विशेषतः न्हाणीघराच्या दाराआड, प्रत्यक्ष लावून पाहावे. जुन्या पनवेलच्या चिंचोळ्या गल्ल्यांत पुढच्या खोलीत लागणारा फोन मागच्या खोलीत लागत नाही. बॅटरी किती दिवस टिकते ते पावसाळा लक्षात घेऊन विचारावे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबई व परिसरात वीज आणि दूरध्वनी एकाच वेळी बंद पडले होते. अशा वेळी कोणतेही यंत्र निरुपयोगी असते. म्हणून आत्यांच्या पलंगापाशी एक जुनी पितळी घंटाही आहे. ती समोरच्या घरात ऐकू जाते, याची खात्री दार बंद ठेवून करून घेतली आहे. कॅमेरा बसविण्याची एका भावंडाची सूचना आत्यांनी ऐकून घेतली व नाकारली. तो त्यांचा अधिकार होता.

वापराचा सराव हा स्वतंत्र मुद्दा आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सकाळी नऊ वाजता आत्या बटण दाबतात. तिघांचे फोन वाजतात, तिघे उत्तर देतात. पहिल्या महिन्यात त्यांनी ओशाळून क्षमा मागितली होती. आता मागत नाहीत. ज्येष्ठ नागरिक संघांनी असा मासिक सराव आपल्या सभासदांसाठी घेतल्यास आणि त्याच वेळी पोलीस ठाण्यातील यादीत नावे नोंदविल्यास फारसा खर्च येणार नाही. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना परिसरातील पन्नास घरांमध्ये हे काम देता येईल. अहवाललेखनासाठी दरवर्षी वृक्षारोपणच शोधावे लागणार नाही.

आत्यांच्या इमारतीच्या पुनर्विकासाची बोलणी सध्या सुरू आहेत. ती पूर्ण झाल्यास समोरच्या वहिनी दोन-तीन वर्षांसाठी खांदा कॉलनीत भाड्याने राहावयास जातील, खालचे दुकान हलेल आणि आत्याही अन्यत्र जातील. यंत्र तेच राहील. यादी नव्याने करावी लागेल, आणि नव्या जागी कोणाचे दार जवळ आहे याची चौकशी आत्यांनी आतापासूनच सुरू केली आहे.